एकसष्ट मणके

टेबलावरचा मणका डगमगत होता. खरं तर एवढंच झालं होतं. प्रयोगशाळेतलं ते टेबल जुनं, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. त्यावर ठेवलेलं काहीही डगमगणारच, असं दिग्विजयने स्वतःला दोनदा समजावून पाहिलं. पण त्याच टेबलावर, त्याच ओळीतले बाकीचे मणके मुकाट बसले होते आणि क्रांतीने बोट टेकवलं की हा एकटाच उजवीकडे कलत होता, बोट उचललं की डावीकडे. तिने तीनदा बोट टेकवून पाहिलं. मग मान वर न करता म्हणाली, "सर, ह्यो ह्याचा न्हाई." पाच वर्षं ती सांगलीत होती. प्रयोगशाळेत पाऊल टाकताना जतकडची बोली ती दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायची, आणि आज ती बोली तिच्याही नकळत आत आली होती. दिग्विजयला मणक्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. त्याने चष्मा काढला आणि उगाच पुसला.

सांगलीहून समुद्र गाठायचा तर मधे अख्खा सह्याद्री आडवा, तरी या गावात त्याला 'डॉल्फिन सर' म्हणत. कॉलेजातली पोरं तर म्हणतच, पण माधवनगरला त्याच्या गल्लीत रतीब घालणारा दूधवालाही म्हणायचा. विज्ञानदिनाला शाळाशाळांतून बोलावणं यायचं, तो इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि मुलांना सांगायचा की डॉल्फिन मासा नव्हे, तो पिलाला दूध पाजतो. तो दोन तऱ्हांनी राहतो. एक किनारा धरून, खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी उथळ आणि सारखं वळावं लागतं. दुसरा खोल समुद्रात, जिथे दिवसच्या दिवस सरळ पोहायचं. दुसरीकडच्या अभ्यासकांना या दोघांच्या हाडांत फरक सापडला होता. किनाऱ्यावाल्याचे मणके कमी, पण एकेक लांब, म्हणून पाठ लवचीक. खोल पाण्यातल्याचे मणके जास्त आणि पातळ, दाटीने बसलेले, म्हणून पाठ ताठ. दिग्विजयच्या प्रबंधाने मात्र सांगितलं होतं की आपल्याकडे तसं नाही. आकारात थोडं इकडेतिकडे, पण संख्या एकच. याचे एकसष्ट, त्याचेही एकसष्ट. अठरा वर्षांपूर्वीच्या या एका वाक्यावर त्याला नोकरी लागली होती, बढती मिळाली होती, दोनदा परदेशी जाऊन तो ते वाक्य इंग्रजीत म्हणून आला होता. आणि त्या वाक्याच्या पोटात संपूर्ण सापळे होते फक्त दोन. तेच दोन आज टेबलावर होते, कारण क्रांतीला आपल्या प्रबंधाच्या पहिल्या पानासाठी त्यांचा फोटो हवा होता.

फोटोसाठी तिने ते ब्रशने साफ केले, आणि ब्रश जरा जोराने लागला तेव्हा दोन मणक्यांच्या मधून करड्या रंगाचा एक तुकडा टचकन तुटून टेबलावर पडला. तिने तो उचलून नखाने खरवडला. "हे हाड न्हाई. हे नळाला लावायचं एमसील हाय," ती म्हणाली. तिचं घर धनगराचं. तिचा आजा बिराप्पा मेंढरामागे आयुष्यभर चालला होता आणि माळावर पडलेलं हाड उचलून ते मेंढीचं की बकरीचं, म्हातारीचं की कोकराचं, हे चालता चालता सांगायचा, असं तिने एकदा डबा खाताना सांगितलं होतं. तेव्हा सगळे हसले होते. आता तिने किनाऱ्यावाल्याच्या कमरेतून तो डगमगणारा मणका काढला, त्याच्या शेजारचा काढला, त्याच्याही पलीकडचा काढला. तीन पातळ मणके हातात धरून ती दुसऱ्या सापळ्याकडे गेली, तिथली ओळ कमरेशी सरकवून जागा केली आणि एकामागून एक तिन्ही बसवले. ते बसले. बसताना बारीकसा आवाजही झाला, डब्याचं झाकण नीट लागतं तसा. मग तिने इकडची रिकामी जागा हाताने मिटवली आणि मोजायला लागली, ओठ हलवत, घाई न करता. एकाचे अठ्ठावन्न भरले. दुसऱ्याचे चौसष्ट.

"माझ्याकडच्या तीन सापळ्यांत अठ्ठावन्नच होते, सर," ती म्हणाली. आता ती पुन्हा नीट बोलत होती, आणि हात पाठीमागे बांधले होते. "तुम्ही म्हणालात, तीन मणके वाहून गेले असतील, अपुरे म्हणून वगळ. मी वगळले. चौसष्टवाला आला तेव्हा म्हणालात, दोन जनावरांची सरमिसळ झाली असेल. तोही वगळला."

दिग्विजय म्हणाला, "बघायला पाहिजे."

"सोमवारी द्यायचाय प्रबंध. आज शुक्रवार." तिने टेबलाकडे पाहिलं. "मी ही हाडं हलवली असं नुसतं लिहिलं तर कोण ऐकणार? म्हणतील, पोरीनं आपल्याला पाहिजे तशी मांडली. हे असं कसं झालं ते तुमच्याकडून लिहून आलं तरच माझे चार सापळे परत आत येतात. न्हाईतर पाच वर्षांत मी तुमचंच वाक्य परत लिवलं, एवढंच." मग तिने विचारलं, "सर, हे पहिल्यापासून असं होतं का?"

"आबांनी, माझ्या वडिलांनी, उकरून काढली होती हाडं," तो म्हणाला. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे. "गावी जाऊन विचारून येतो."

"आज?"

"आत्ताच निघतो."

"मग मी इथंच थांबते," क्रांती म्हणाली, आणि स्टूल ओढून त्या दोन सापळ्यांसमोर बसली.

जानेवारी होता, कारखान्यांची धुराडी पेटली होती, आणि सांगली सोडल्यापासून रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. पुढे ट्रॉली, मागे ट्रॉली, बाजूला दुसरी ट्रॉली पुढे काढायच्या खटपटीत, आणि मधे दिग्विजयची छोटी गाडी काच वर करून. ट्रॅक्टरवरच्या गाण्याने काच थरथरत होती. पुढच्या ट्रॉलीतून उसाचं एक टिपरं बाहेर आलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ते त्याच्याकडे बोट केल्यासारखं हलत होतं. तो मनात एक वाक्य तयार करत होता. 'सापळे उकरून काढताना घरच्या मंडळींकडून अनवधानाने सरमिसळ झाली.' वाक्य चांगलं होतं. त्यात कुणाचं नाव नव्हतं. अनवधानाने हा शब्द तर फारच सोयीचा; त्या शब्दावर कुणी रागावू शकत नाही. फक्त आबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की हो, मिसळले असतील बाबा, म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय. एवढं ऐकलं की झालं. विज्ञानात अशा गोष्टी होतात, तो मोठ्याने म्हणाला, आणि गाडीत आपलाच आवाज ऐकून त्याला लाज वाटली. पेठ नाक्याला महामार्ग लागला आणि वाटलं, आता सुटलो. पण कराडच्या अलीकडे पुलाचं काम चाललं होतं आणि तिथे पाऊण तास सगळंच ठप्प झालं.

त्या पाऊण तासात त्याला वास आला. गाडीत कसलाही वास नव्हता, पण आला. अठरा वर्षांपूर्वी आंबेनळी घाटातून टेम्पो वर चढत होता आणि मागे ताडपत्रीखाली, मीठ आणि बर्फाच्या मधे, ते दोघं निजले होते. एक हर्णैच्या बाजूला वाळूवर मरून लागला होता, दुसरा दूरच्या पाण्यात गेलेल्या होडीच्या जाळ्यात मेलेला सापडला होता. वनखात्याचा परवाना मिळवायला आधीच सात महिने लागले होते, आणि हे दोघं सापडले तेव्हा बंदरावर कुणी त्यांना पुरायला जागा देईना. मग आठवला तो मेढ्याजवळचा आपला डोंगराकडेचा उकिरडा. शेणखताच्या उबेत मांस आपोआप झडतं आणि हाड स्वच्छ निघतं, हे पुस्तकात वाचलं होतं. आबांना ते पुस्तक न वाचता ठाऊक होतं. महाबळेश्वरला टेम्पो चहासाठी थांबला तेव्हा सहलीच्या बायका नाकाला पदर लावून पळाल्या होत्या. आणि आबा, नाथाजी, वयाची साठी गाठलेला माणूस, उकिरड्याच्या कडेला कुदळ घेऊन उभे होते, दोन खड्डे तयार ठेवून. ताडपत्री काढल्यावर ते बराच वेळ बघत राहिले. "ह्यांस्नी डोळं माणसावानी हायत रं," असं म्हणाले होते.

दिग्विजयने त्या दिवशी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि समजावून सांगण्याची त्याला फार हौस होती. खड्ड्याच्या कडेला उकिडवं बसून तो बोलत राहिला. हे एकाच घरचे, आबा. भाऊ भाऊच म्हणा. एक घर धरून राहिला, एक लांब गेला. मला हेच बघायचंय की दोघांत फरक पडला की नाही. आबांनी मान डोलावली होती. भाऊ भाऊ म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं, ते आता कराडच्या पुलाखाली बसून त्याला स्पष्ट दिसलं. आबांना त्यांच्या थोरल्या भावाने वाटणीत डोंगराकडचा खडक दिला होता आणि विहिरीकडचं सगळं स्वतः ठेवलं होतं. त्या खडकावर माती वाहून आबांनी भाताची तीन खाचरं केली. तक्रार केली नाही, पण तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू समान वाटल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. शंभूराज, दिग्विजयचा धाकटा भाऊ, पलटणीत होता, वर्षाला एकदा यायचा. तरी फणसाचे गरे त्याच्या नावाने मोजून बाजूला पडायचे आणि सुकवून ठेवले जायचे. दिग्विजयने खोडी काढायची म्हणून लहानपणी, शंभू घरीच होता तेव्हा, एकदा त्याच्या वाटीतले चार खाल्ले होते. आबांनी मारलं नाही, फक्त त्याच्या वाट्याचे चार काढून शंभूच्या वाटीत टाकले. दोघांच्याही वाट्या सारख्या दिसेपर्यंत ते जेवायला बसले नव्हते.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. रांग हलली होती. तो गाडी पुढे घेत असताना आबांनी काय केलं असेल ते त्याला कळलं, आणि कळलं तेव्हा नवल वाटलं नाही. नवल वाटायला हवं होतं.

मग साताऱ्यातली ती खोली आठवली. त्या वर्षी मे महिन्यात तो साताऱ्याला पेपर तपासायला होता आणि आबांचा फोन आला की पावसाआधी खत शेतात न्यायचं आहे, मासं बाहेर काढल्यात, येऊन घेऊन जा. तो गेला, तासाभरात परत निघाला. दोन खताची पोती, एकाला तांबडा दोरा, एकाला काळा. साताऱ्याच्या भाड्याच्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्रं पसरून त्याने दोघांना मांडलं. एकसष्ट. एकसष्ट. त्याने पुन्हा मोजलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला, कारण सगळं जग सांगत होतं त्यापेक्षा हे वेगळं होतं आणि ते त्याला सापडलं होतं. कमरेतले तीन मणके नीट बसत नव्हते, हेही त्याच संध्याकाळी दिसलं होतं. पातळ होते. डगमगत होते. त्याने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. शेजारच्या ओळीशी लावून बघायला त्याला दोन मिनिटं लागली असती, हात लांब करण्याइतकंच अंतर होतं, आणि तो उठला आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. प्रबंधात त्याने लिहिलं, 'कमरेच्या भागात किरकोळ व्यक्तिगत भेद.' परीक्षक खूश झाले. पुढे दर वर्षी ते वाक्य थोडं जास्त खरं होत गेलं. पाठ्यपुस्तकासारखं झालं. कधी झोपेतून उठल्यावर तोंड धुताना पाण्याखाली बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटायचं, पण असं पुष्कळांना वाटत असेल. आणि त्या मे महिन्यातल्या दिवसाचा एक तुकडा काही केल्या दिसत नव्हता. निघताना आबा दारात काहीतरी बोलले होते. बस येत होती. आपण हसलो होतो, हे आठवत होतं. कशाला हसलो ते नाही.

मेढ्याला तो पोचला तेव्हा ऊन कललं होतं. घराच्या अंगणात आबा हरभऱ्याचे डहाळे सोलत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण पाठ अजून ताठ. आई, भामाबाई, आतून हात पुसत आली आणि तिने पोराचा चेहरा पाहून लगेच विचारलं, "काय रं, बरं न्हाई का?"

"बरं आहे. आबांना एक विचारायचं होतं."

"शंभर मैल विचाराय आलास? फोन न्हवता का?" आबा म्हणाले आणि डहाळे त्याच्यापुढे सरकवले. "बस. खा."

त्याने दोन दाणे तोंडात टाकले. ते गोड होते, आणि ते गोड लागावेत याचाच त्याला राग आला. "आबा, ते माझे डॉल्फिन. उकिरड्यात पुरलेले. ते बाहेर काढताना हाडं एकमेकांत मिसळली होती का?"

"मिसळतील कशी?" आबा दुखावले. "दोन खड्डं हुतं. येगळं काढलं, येगळं धुतलं, येगळं वाळाय घातलं. तांबडा दोरा आन काळा दोरा."

"वासानं माझी जाऊ आठ दिस फिरकली न्हाई," आई म्हणाली. "तेवढंच बरं झालं."

"मग मिसळली नाहीत?"

"न्हाई म्हंतो की."

दिग्विजयचं तयार केलेलं वाक्य हातातून निसटायला लागलं होतं. "नीट आठवा, आबा. एकातलं काही दुसऱ्यात गेलं असेल. चुकून."

"चुकून न्हवं," आबा म्हणाले. "म्या घातलं." त्यांनी हातातला डहाळा खाली ठेवला आणि सरसावून बसले, कारण हे सांगायला त्यांना आवडत होतं. ते अजून विसांनीच मोजत, बाजारातली मेंढरं मोजावीत तसं. "मुंड्या शाबूत हुत्या, वल्ह्यासारकी हाडं ज्येची त्येची. मणकं तेवढं मोजलं म्या. एकाचं भरलं तीन इसा आन चार. दुसऱ्याचं मोजलं तर तीन इसाला दोन कमी. परत मोजलं. तेवढंच. म्हनलं, एका घरचं दोघं भाऊ, आन एकाला सा जास्ती? घर धरून ऱ्हायला त्येला कमी, आन लांब गेला त्येला जास्ती? असली कसली वाटणी? मग हिकडचं तीन तिकडं घातलं. तीन इसा एक, तीन इसा एक. समान."

साठ आणि चार. साठाला दोन कमी. क्रांतीने सकाळी ओठ हलवत मोजलेले आकडे, अठरा वर्षं या अंगणात जसेच्या तसे पडून होते. आणि खरं सांगायचं तर दिग्विजयला आधी काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. जीव भांड्यात पडला. आबांनी केलं होतं. न शिकलेला, मायेच्या हाताचा बाप, त्याने न्याय म्हणून केलं. यात कुणाचं काय चुकलं? हे ऐकून लोक हसतील, हळहळतील, कदाचित टाळ्याही वाजवतील. वाक्य आधीपेक्षा चांगलं झालं होतं. त्यात आता गोष्ट होती. त्याला आबांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या ताठ पाठीकडे, डहाळ्यांनी हिरव्या झालेल्या बोटांकडे बघवेना, म्हणून तो समोरच्या डोंगराकडे बघत बसला.

खिशातला फोन वाजला. क्रांती होती. सहा तास झाले होते.

"सर, विचारलं का?"

"विचारलं." त्याला एकदम सुचलं, आणि सुचलं ते किती सोपं होतं. "तू त्यांच्याकडूनच ऐक. त्यांनी स्वतः मोजले होते." त्याने फोनचा आवाज मोठा केला आणि आबांपुढे धरला. "आबा, ही क्रांती. माझ्याकडं शिकते. आत्ता मला सांगितलंत ते हिला सांगा."

आबांनी फोन दोन्ही हातांनी घेतला आणि उगाच मोठ्याने बोलायला लागले. क्रांतीने "आवं आबा, नमस्कार" म्हटलं, आणि तिचा आवाज बदलला. ती थेट जतची झाली. दोघांचं जमलंच. आबांनी खड्डे सांगितले, दोरे सांगितले, तीन विसा आणि चार सांगितलं. तिने कुठले तीन काढले विचारलं, कमरेतले का. आबा म्हणाले, "व्हय, मधलं. शेपटीचं बारकं द्याचं बरं दिसत न्हवतं, द्याचं तर चांगलं द्यावं." ती हसली. दिग्विजयही हसला. आईने चहाचे कप आणून ठेवले. सगळं किती घरगुती झालं होतं. तो कपाकडे हात नेत होता, तेवढ्यात फोनमधून क्रांतीने विचारलं, "आन आबा, हे सरांस्नी कवा कळलं?"

"कवा म्हंजे?" आबा म्हणाले. "त्याच दिशी. पोती घ्याय आला तवाच म्या सांगितलं की. म्हनलं, एकाला कमी हुतं, म्या समान केल्यात, चाललं न्हवं तुला? तर हसला आन म्हनला, बरं केलंत आबा."

"म्या चा ठिवला हुता," आई कप पुढे सरकवत म्हणाली. "त्योबी न पिता पळाला बसमागं."

आबांनी एवढ्या वर्षांनी कुणीतरी विचारलं म्हणून समाधानाने मान हलवली. अंगणात काही बदललं नव्हतं. दिग्विजयला दार दिसलं, तेच दार, मे महिन्यातलं, आबा चौकटीला टेकलेले, हातात दोन्ही पोत्यांची तोंडं, बसचा आवाज वळणावरून येणारा. आणि आबांचं वाक्य, अख्खं, एकही शब्द न गाळता. ते त्याने ऐकलं होतं. ऐकून तो हसला होता आणि बसमध्ये चढला होता, आणि बस साताऱ्याला पोचेपर्यंत ते वाक्य त्याने कुठेतरी असं ठेवून दिलं होतं की खोलीत मणके मोजताना ते हाताला लागू नये. हार्डवेअरच्या दुकानाकडे जाताना त्याला सगळं माहीत होतं. त्या दुकानदाराने काय जोडायचंय असं विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, नळ गळतोय.

फोनमधून आवाज येत नव्हता. आबांनी तो कानाशी धरून पाहिला, मग डोळ्यांसमोर धरला. "पोरगी गेली का काय?"

"न्हाई आबा, हाय मी," क्रांती म्हणाली. खूप हळू. "सर हायत का तिथं?"

"हाय की. हितंच बसलाय." आणि आबांनी फोन त्याच्याकडे केला.

दिग्विजयने तो घेतला. आवाज लहान करायचं बटण अंगठ्याखाली होतं. अंगणातून उठून पलीकडे, गोठ्याच्या भिंतीमागे जाता आलं असतं. तिथे रेंज बरी असते असं तो नेहमी म्हणायचा. तो उठला नाही. समोर आबा होते, कपातला चहा बशीत ओतत, त्याच्याकडे कौतुकाने बघत. त्यांच्या देखत बोलायचं म्हणजे त्या समान वाटणीने काय झालं तेही त्यांना कळणार होतं. दुसरा रस्ता त्याला सापडेना.

"सर," ती म्हणाली. "माहीत होतं तुम्हाला?"

"होतं," तो म्हणाला.

आबांनी बशी तोंडापासून खाली घेतली.

"लिहून घे, क्रांती. मी सांगतो तसं. एकाचे अठ्ठावन्न, दुसऱ्याचे चौसष्ट. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."